एका शब्दामागे फिरलेल्या बाई

बाई कार्ड दाखवायच्या नाहीत, कार्डाच्या मागे लपायच्या. वीतभर पुठ्ठा तोंडासमोर धरायच्या. वरून फक्त अंबाडा दिसायचा, आणि मागून आवाज यायचा, "कोण आलंय?"

तीस पोरं एका दमात ओरडायची, "द!"

"आन् हा?"

"इज!"

"हा बघा, दारातच थांबलाय. लाजतोय."

मग पोरं जरा थांबायची, पुढं वाकायची, आणि एखादं किंचाळायचं, "व्हॉट!"

"हे काय लिहिलंय?" असं बाईंनी वर्गात कधी विचारलं नाही. शब्द त्यांच्याकडे पाहुण्यासारखे यायचे. अशा बाई तुम्हीही कुठंतरी पाहिल्या असतील. शाळेला त्यांची किंमत नसते आणि पोरं त्यांचा पदर सोडत नाहीत. मी त्यांच्या शेजारच्या वर्गात दोन-अडीच वर्षं होते. मध्ये प्लायवूडचं पार्टिशन. त्यांचा प्रत्येक शब्द मला ऐकू यायचा. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण माझी चूक तिथंच आहे.

आमची शाळा न्हावऱ्याकडच्या एका फाट्यावर. इंग्रजी माध्यम, वर पत्रा, दारात सरस्वतीचं चित्र आणि त्याच्या खाली ए फॉर ॲपल. शिक्षिकांना "मिस" म्हणायचं असा नियम होता. बाकी आम्ही सगळ्या मिस झालो. बाई मात्र बाईच राहिल्या. शाळा चालवणाऱ्या सरांनी एकदा पोरांना दरडावलं, तर एक पोरगी म्हणाली, "सर, मिस वर्गात न्हाईत. बाई हायेत."

बाई खुटबावच्या. मी केडगावची, दौंडला राहून डी.एड. झालेली. चौफुल्यावरून शिरूरला जाणारी सकाळची एसटी आम्हा दोघींची. भीमेचा पूल ओलांडला की बाई पिशवीतून कार्डं काढायच्या आणि त्या दिवशीचे शब्द वेगळे करायच्या. कार्डं लग्नपत्रिकांच्या पाठीवर केलेली. एका बाजूला "आमच्या येथे श्रीकृपेकरून", दुसऱ्या बाजूला जाड स्केचपेननं "वॉज" किंवा "ऑफ". शाळेनं चित्रांची छापील कार्डं आणली होती. ती बाईंनी कपाटात ठेवून दिली.

"चित्र असलं की पोरगं शब्दाकडं बघतच न्हाई, मॅडम. आन् 'ऑफ'चं चित्र काढून दावा मला."

ते खरंच होतं. इंग्रजीत काही शब्द असे असतात, की अक्षरं जोडून वाचायला जावं तर हाती काही लागत नाही. नुसते नजरेनं ओळखायचे. शाळेच्या भाषेत त्यांना साइट वर्ड्स म्हणतात. बाई म्हणायच्या, तोंडओळखीचे शब्द. आपल्या पोरांना ते अवघड जातात. क ला काना का, एवढा सरळ व्यवहार घरून शिकून आलेली पोरं. एकदा एकानं बाईंना धरलंच, "बाई, टी-एच-ई म्हंजी 'द' कसं काय?"

"तू मामाला मामा का म्हणतोस?"

"आई म्हणती म्हणून."

"मग ह्याला 'द' म्हण. मी म्हणते म्हणून."

पोरगं लगेच "द" म्हणालं. बाईंच्या शब्दावर पोरांचा असा विश्वास होता.

बाईंचं शिक्षण दहावीपर्यंत. आपल्या गावात त्यांनी बरीच वर्षं बालवाडी चालवली. मग दारादारात इंग्रजी शाळांच्या व्हॅन यायला लागल्या आणि बालवाडीत चार पोरं उरली. त्या सांगायच्या, "पोरं इंग्रजीत गेली, मग मी बी गेले त्यांच्या मागं. आमच्यात असंच असतं. मेंढरं जातील तिकडं माणूस."

त्यांचे वडील मेंढरं राखायचे. आता घरात एकही मेंढरू नव्हतं. भाऊ, दीर, मुलगा, सगळे बागायतीला लागलेले. पण वडिलांची एक गोष्ट बाई सारखी सांगायच्या. "आमचा बाप मेंढरं मोजायचा न्हाई. मोजायला येतच नव्हतं. संध्याकाळी वाघरीच्या तोंडाशी उभा राहायचा आन् एकेकाचं तोंड बघायचा. एक नसलं तरी कोण न्हाई ते सांगायचा." वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी. "मला एबीसीडी उशिरा आली. पर तोंडं बघायची सवय लहानपणापासून."

हे सांगताना त्या हसायच्या. त्यांच्या शिकवण्याचं सगळं शास्त्र तेवढंच होतं, आणि ते चालत होतं. मोठ्या गटातली त्यांची पोरं मार्चपर्यंत पन्नास-साठ शब्द घडाघडा ओळखायची. माझी डी.एड.ची फाइल जाड होती, तरी माझी पोरं विसावर अडायची.

फक्त एक होतं. बाईंचे काही उच्चार चुकायचे. "डझ"ला त्या "डोज" म्हणायच्या. आणि एस-ए-आय-डी, "सेड", त्याला "सैड". "कोण आलंय?" "सैड!" तीस गळ्यांतून तो शब्द पार्टिशनवर आपटायचा.

मी दोन वर्षं तो ऐकला. सांगितलं नाही. वयानं मोठ्या बाईंना कसं सांगायचं, असं मी स्वतःला समजावत होते. खरं सांगायचं तर थोडा कंटाळा होता. आणि आणखी खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटायचं. एवढ्या एका बाबतीत तरी मी त्यांच्या पुढं होते.

तिसऱ्या वर्षी, दसऱ्याच्या आधी, पालकांना वर्ग बघायला बोलावलं होतं. बाईंच्या वर्गात खिडकीपर्यंत गर्दी. पोरं रंगात आली होती. एका तरुण वडिलांनी मोबाइलवर सगळं टिपलं. संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो व्हिडिओ फिरला. बाई पुठ्ठ्यामागे, पोरं "सैड" म्हणून ओरडतायत, आणि खाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या तोंडांची रांग. कुणीतरी लिहिलं होतं, "यासाठी इंग्लिश मीडियम?"

दुसऱ्या दिवशी एसटीत बाईंनी कार्डं काढली नाहीत. पूल गेला. पुढची दोन गावं गेली. मग त्या खिडकीबाहेर बघतच म्हणाल्या, "सुनंनं दाखवलं मला. मॅडम, त्यात हसण्यासारखं काय हाय?"

मी म्हटलं, "तो शब्द सेड आहे, बाई."

"सेड? मग ए आन् आय?"

"त्यांचा मिळून 'ए' होतो. म्हणजे... ऐकू येत नाहीत तसे."

"दोघं बी?"

"हो."

बाईंनी मान हलवली. मग माझ्याकडं वळल्या. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. "आन् तुम्ही दोन वर्सं पल्याड बसून ऐकत होता."

कंडक्टर आला, म्हणून सुटले.

त्या दिवसापासून बाईंनी मला धरलं. एसटीत बसल्या की एकेक कार्ड माझ्यापुढं करायच्या. "म्हणा." मी म्हणायचे. त्या माझ्या ओठांकडं बघायच्या, दोनदा पुटपुटायच्या, मग कार्डाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं देवनागरीत लिहून घ्यायच्या. पंचावन्नच्या आसपासची बाई, पिशवी मांडीवर, खड्ड्यांतून आदळत "डझ, डझ" करतेय, हे बघून लोक हसायचे. कंडक्टर म्हणाला, "बाई, तिकिटाला इंग्रजीत काय म्हणायचं?"

"तिकीटच," बाई म्हणाल्या, आणि मग माझ्याकडं वळून हळूच, "तेवढं तरी बरोबर हाय ना?"

दिवाळीच्या आधी सरांनी मला ऑफिसात बोलावलं. तीन दिवस बाईंच्या वर्गात मागे बसून अहवाल लिहून द्या, म्हणाले. पालकांचा रेटा आहे, कागद लागतो. मला नाही म्हणता आलं असतं का? आता वाटतं, आलं असतं. तेव्हा मान हलवली.

बाईंनी माझ्यासाठी खुर्ची पुसून ठेवली होती. तीन दिवस त्या सगळे शब्द बरोबर म्हणाल्या. फक्त एकदा, तिसऱ्या दिवशी, पोरं दंगा करत होती, एक रडत होतं, तेव्हा जुनाच "सैड" तोंडातून गेला. त्यांनी लगेच जीभ चावली आणि दुरुस्त केला. मी पानभर लिहिलं. मुलं उत्साहानं शिकतात, शब्द चांगले ओळखतात, शिक्षिकेचा मुलांवर जीव आहे. शेवटी एक ओळ लिहिली: "काही उच्चार अशुद्ध आहेत." सरांनी सगळं पान वाचलं आणि लाल पेननं शेवटच्या ओळीखाली रेघ मारली.

दिवाळीनंतर मोठा गट माझ्याकडं आला. बाईंना व्हॅनवर घातलं, पोरांना चढवायचं, उतरवायचं, वाडीवस्तीवर घरापर्यंत सोडायचं. ते काम शाळेत मावशी करायच्या. मला वाटलं, बाई आता यायच्या नाहीत. त्या पहिल्याच दिवशी वेळेवर आल्या. कार्डांची पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. "घ्या. कोपऱ्यात लिहिलंय ते पोरांना दिसंल, तेवढं खोडून घ्या."

"बाई, तुम्हाला वाईट..."

"व्हॅनचं बरं हाय," त्या म्हणाल्या. "पोरांच्या दारापर्यंत जाता येतं."

मला वाटलं, मला बरं वाटावं म्हणून म्हणतायत.

वर्ग घेतला तेव्हा मला कळलं, बाई दिवसभर काय करत होत्या. तीस पोरं. दुपारपर्यंत घसा बसायचा, पाय सुजायचे. त्यांची कार्डं मी धरायचे, पण पुठ्ठ्यामागे लपायला मला लाज वाटायची. पोरं "सेड" म्हणायला शिकली. दिवसाला दहा वेळा मी म्हणवून घेतलं. शुद्ध.

त्या वर्गात ईश्वरी नावाची पोरगी होती. मेंढपाळांच्याच पण आता कांदा-ऊस करणाऱ्या घरातली. जूनपासून वर्गात एक अक्षर बोलली नव्हती. डबा खायची, रांगेत उभी राहायची, कार्डाकडं टक लावून बघायची, तोंड बंद. बाईंनी तिला कधी टोचलं नव्हतं. तिच्यापुढं कार्ड धरायच्या, दहा मोजल्यासारख्या थांबायच्या, आणि पुढं जायच्या. "बघतीया ती," म्हणायच्या. "बघू द्या."

मला ते परवडत नव्हतं. परीक्षेत तोंडी गुण होते. सर म्हणाले, बोलली नाही तर पुन्हा छोट्या गटात बसवू. तिचे वडील येऊन उभे राहिले. सणसवाडीला कंपनीत रात्रपाळी करून आलेले, डोळे लाल. "मॅडम, घरी बोलती ती. गोठ्यात म्हशीपाशी लई बोलती. हितंच काय होतं?" मी म्हटलं, प्रयत्न चालू आहेत. ते म्हणाले, "मागं बसवलं तर तिची आजी काढूनच घील शाळंतनं. म्हणती, मुकीला कशाला इंग्रजी."

जानेवारीत उसाचा सीझन जोरात होता. एका दुपारी माझी परतीची एसटी शाळेपासून दीड-दोन किलोमीटरवर अडकली. पुढं उसाची ट्रॉली आडवी झाली होती, रस्ताभर ऊस. दोन्हीकडं गाड्यांची रांग. उन्हात बसवेना म्हणून मी उतरून चालत पुढं गेले, आणि रांगेत आमची शाळेची व्हॅन दिसली. साडेबाराला सुटलेली पोरं तीन वाजता तिथंच होती.

व्हॅन रिकामी होती. पोरं कडेच्या लिंबाखाली. प्रत्येकाच्या हातात उसाचं कांडं, हनुवटीवरून रस, मातीनं काळे झालेले हात. मध्ये बाई बसलेल्या, पाय लांब करून, एक गुडघा चोळत. दुसऱ्या हातात काटकी होती आणि त्या धुळीत शब्द लिहीत होत्या. पोरं भुकेनं, उन्हानं कावलेली होती, पण रडत नव्हती. ईश्वरी बाईंच्या मांडीला टेकून बसली होती.

बाईंनी "कम" लिहिलं. पोरं ओरडली. "वॉज" लिहिलं. ओरडली. मग एस, ए, आय, डी.

पोरांच्या आधी, बाईंच्या कुशीतून, घोगऱ्या आवाजात आलं, "सैड."

मी जागच्या जागी थांबले. ईश्वरीचा शाळेतला तो पहिला शब्द.

आणि पोरं फिदीफिदी हसली. "सैड नाही! सेड! सेड!" मी दहा-दहा वेळा म्हणवून घेतलेली माझी शुद्ध पोरं. ईश्वरीची मान खाली गेली. तिनं उसाचं कांडं तोंडात धरलं आणि ओठ मिटले.

"गप!" बाई इतक्या मोठ्यानं ओरडल्या, की शेजारचा ट्रॅक्टरवालाही वळला. "हसायचं न्हाई. तिला तसं मीच शिकवलं."

मी पुढं झाले. "बाई, असू द्या. बोलली तेच खूप झालं. दुरुस्त नंतर करू."

बाईंनी वर माझ्याकडं पाहिलं. दमलेले डोळे. "न्हाई, मॅडम. नंतर कोण सांगत न्हाई."

त्यांनी ईश्वरीची हनुवटी वर केली. तिच्याशी बोलताना त्या अगदी मोठ्या माणसाशी बोलावं तशा बोलल्या. "ईश्वरी, तू बरोबर वळखलंस. तुझी काय बी चूक न्हाई. बाईंचं चुकलं. बाईंना ह्याचं नाव ठाऊक नव्हतं, म्हणून चुकीचं सांगितलं. ह्याचं खरं नाव सेड. बाई बी आत्ताच शिकल्या."

ईश्वरी बाईंच्या तोंडाकडं बघत राहिली. मग धुळीतल्या शब्दाकडं. मागं गाड्यांचे हॉर्न वाजत होते. क्रेन आली होती वाटतं. बाईंनी घाई केली नाही.

"सेड," ईश्वरी म्हणाली.

"व्हय," बाई म्हणाल्या.

नंतर बाई धुळीत लिहीत गेल्या आणि तिनं मागचे राहिलेले सगळे शब्दच म्हणून टाकले म्हणा ना. वॉज, दे, कम, व्हॉट. जून ते जानेवारी बघून बघून साठवलेलं. पोरं आ वासून ऐकत होती. रस्ता मोकळा झाला तेव्हा बाईंना उठता येईना. मी हात दिला. त्या माझ्यावर सगळा भार टाकून उठल्या आणि म्हणाल्या, "गुडघं गेलं माझं, पोरी." मला त्या एरवी मॅडमच म्हणायच्या. त्या एकदाच चुकल्या.

ईश्वरी वर्गात बोलायला लागली. हळू, पण बोलायला लागली. मार्चमध्ये स्नेहसंमेलनात तिनं स्टेजवर दहा कार्डं वाचली. तिचे वडील रजा टाकून आले होते. सरांनी माइकवर माझं नाव घेतलं, मला गुलाबाचं फूल दिलं. बाई स्टेजच्या मागं पोरांचे गजरे आणि पिना सांभाळत होत्या. मी माइकवर काहीतरी बोलू शकले असते. दोन वाक्यं पुरली असती. मी आभार मानून खाली उतरले.

शाळेच्या शेवटच्या दिवशी परतीच्या एसटीत बाई म्हणाल्या, "पुढच्या वर्साला मी न्हाई येत. दमले. व्हॅनमधी चढ-उतर हुईना."

मला आता बोलायलाच हवं होतं. "बाई, दिवाळीच्या आधी सरांना जो कागद गेला, तो मी लिहिला होता."

"तीन दिस मागं बसून तुम्ही काय भाजी निवडत होता व्हय?" त्या हसल्या. "लिहिलं ते खरं का खोटं?"

"खरं."

"मग झालं." पिशवी सावरत म्हणाल्या, "कागदाचं न्हाई वाटलं. दोन वर्सांचं वाटलं. माझं सोडा. त्या दोन वर्सांची पोरं सैड घिऊन गेली ना पुढं."

मग त्यांनी पिशवीतून एक वही काढली. शाळेच्या हजेरीवरून उतरवलेली नावं. मागच्या दोन वर्षांची सगळी पोरं. एक सोडून प्रत्येक नावापुढं बरोबरची खूण. मला उलगडा होईना. त्यांनीच सांगितलं. व्हॅन वाडीवर गेली की ड्रायव्हरला म्हणायच्या, "दोन मिनिटं थांब." आणि त्या वस्तीवरच्या जुन्या पोराच्या दारात जायच्या. शाळा बदललेली असो, पहिलीत असो, दुसरीत असो. पोराला हाक मारायची, अंगणात बोटानं शब्द लिहायचा, "ह्याला काय म्हणतोस?" म्हणून विचारायचं. सैड म्हणाला की सांगायचं, माझं चुकलं होतं बाळा. "डझ"चंही तसंच. व्हॅनच्या वाटेवर नसलेली पोरं रविवारी. मुलाच्या मोटारसायकलवर मागं बसून.

"लोक काय म्हणाले?" मी विचारलं.

"एक आबा म्हणले, बाई, एवढ्याशासाठी आलात? म्हटलं, व्हय आबा. मीच टाकलंय, मीच उचलायला पायजे." त्यांनी वही मिटली. "एकच राहिलीया, गेल्या वर्साची पोरगी. तिच्या बापानं सणसवाडीला खोली घेतली. तिकडं माझ्यानं जाणं व्हायचं न्हाई आता."

चौफुला आला. त्यांचा मुलगा मोटारसायकल घेऊन उभा होता. बाई मागं एका अंगानं बसल्या, पिशवी मांडीत घेतली आणि गेल्या.

पुढं वर्षभर त्या भेटल्या नाहीत. फोन केला की सून उचलायची, बाई मळ्यात असायच्या. मोठा गट माझ्याकडेच आहे. दरवर्षी तीच कार्डं, तेच शब्द, पोरं फक्त नवी. दुपारी एसटीत बसलं की डोळे मिटतात. कधी कधी वाटतं, हे सगळं कशासाठी. द, इज, वॉज. मग बाईंची वही आठवते आणि जास्तच दमायला होतं.

दसऱ्याच्या आधीच्या एका रविवारी मी सणसवाडीला गेले. त्या राहिलेल्या पोरीचा पत्ता तिच्या वाडीवर विचारून घेतलेला, तोही अर्धाच. ओळीनं खोल्या, प्रत्येक दाराशी चपलांचा ढीग, बाहेर वाळत घातलेले कंपन्यांचे निळे शर्ट. दोन गल्ल्यांत विचारलं. हिंदीत, मराठीत. शेवटी नळावर धुणं धुणाऱ्या बाईनं बोट दाखवलं. ती पोरगी आता तिसरीत होती. दोन वेण्या, समोरचा दात नवा आलेला. दारात दोरीवरच्या उड्या मारत होती.

मी खडूनं फरशीवर शब्द लिहिला. "हे काय आहे?"

"सैड," ती लगेच म्हणाली.

म्हणजे तिसरीपर्यंत तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी गुडघ्यावर बसले. "हे सेड आहे. तुला चुकीचं शिकवलं गेलं. बाईंना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी भिंतीपलीकडं होते, आणि मी त्यांना सांगितलं नाही. माझी चूक आहे."

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. "सेड," ती म्हणाली. मग, "बरं." आणि पुन्हा उड्या मारायला लागली.

तिथून मी सरळ खुटबावला गेले. घर विचारावं लागलं नाही; वाटेवरच्या प्रत्येकाला बाई माहीत. अंगणभर झेंडू. दसऱ्याचा माल, पिवळा आणि केशरी, ताडपत्र्यांवर पसरलेला. क्रेट एकावर एक. सून आणि दोन बायका फुलं निवडत होत्या. बाई भिंतीला टेकून बसलेल्या, मांडीत अर्धा भरलेला क्रेट, हात फुलांत, आणि मान एका बाजूला कललेली. गाढ झोप लागली होती. तोंड किंचित उघडं. गुडघ्याला पट्टा बांधलेला.

सून उठली. "उठवते. पहाटंपासनं बसल्यात."

"नको," मी म्हटलं. "झोपू द्या."

मी पर्स भिंतीला ठेवली आणि त्यांच्या मांडीतला क्रेट हळूच ओढून घेतला. फुलं निवडत बसले. उमललेली एकीकडं, काळवंडलेली दुसरीकडं. एक क्रेट झाला, दुसरा झाला. बोटांना झेंडूचा उग्र वास लागला. चारच्या सुमारास टेम्पो आला, माल भरला, हमाल मोठमोठ्यानं बोलत होते, तरी बाई जाग्या झाल्या नाहीत.

माझी गाडी जायची होती. "त्यांना सांगा," मी सुनेला म्हटलं, "सणसवाडीचं झालं."

"काय झालं?"

"एवढंच सांगा. त्यांना कळेल."

ऊन भिंतीवरून उतरत बाईंच्या तोंडावर यायला लागलं होतं. सुनेनं कोपऱ्यातली रिकामी ताडपत्री उचलली, झटकली. पाकळ्या उडाल्या. बाईंजवळ, उन्हाच्या बाजूला, चार-पाच क्रेट एकावर एक ठेवून तिनं त्यावरून ताडपत्री ओढली आणि टोकाला दगड ठेवला. सावली बाईंच्या कपाळावर आली, मग डोळ्यांवर. त्यांनी झोपेतच मान नीट केली.